'राइट' म्हणायचा मान

मला इंग्रजी शब्द दोनच येत होते आणि त्या दोन शब्दांवर मी सारा प्रपंच केला. एक 'राइट' आणि दुसरा 'होल्डॉन'. पहिला म्हटला की मोटार चालायची, दुसरा म्हटला की थांबायची. मराठी सातवी पास झालेल्या माणसाला याहून जास्त इंग्रजी लागत नाही, असं आमचे मालक म्हणत. पगार वाढवा म्हटलं की हे वाक्य त्यांना हमखास आठवायचं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा 'नोकरीतला एखादा थरारक अनुभव लिहा' असं कळवलंय. कंडक्टरच्या नोकरीत कसला आलाय थरार? घामाचा वास, कोंबड्यांच्या पाट्या आणि 'जरा सरका की पुढं'. तरी सांगलीला मुलाकडे राहायला आल्यापासून वेळ भरपूर आहे. नातवंडं शाळेत गेली की मी खिडकीत बसून रस्त्यावरच्या मोटारी बघतो. आता कुणी राइट म्हणत नाही. दोरी ओढतात, घंटी वाजते. दोन टोले म्हणजे चला, एक टोला म्हणजे थांबा. पुढे सरकारी गाड्यांवर मीही वीस वर्षं ती दोरी ओढली. पण दोरी ओढताना तोंडाला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. म्हणून त्या शब्दाबद्दलच लिहितो.

दुसऱ्या लढाईच्या वर्षांत मी सातारा ते वडूज या मार्गावर होतो. एक दिवस साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत वडूजला जायचं, तिथंच मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघायचं. गाडी खाजगी मालकाची. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मालकांनी गाडीच्या पाठीला कोळशाची टाकी बसवून घेतली. त्या टाकीत लोणारी कोळसा पेटवायचा, शेजारच्या पंख्याचा दांडा वीस-पंचवीस मिनिटं गरागरा फिरवायचा, मग त्यातून गॅस तयार व्हायचा आणि त्या गॅसवर इंजिन चालायचं. चालायचं हे आपलं म्हणायला. गाडी थोडा वेळ जरी नुसती उभी राहिली तरी गॅस पातळ व्हायचा, इंजिन खोकून बंद पडायचं आणि दांडा पुन्हा पहिल्यापासून. तो दांडा फिरवायचं काम माझं. क्लीनर ठेवायचा खर्च मालकांना परवडत नव्हता आणि माझे दंड तर फुकटच होते.

ड्रायव्हर होता बाबालाल. पुसेसावळीकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. गाडीचा मागचं दाखवणारा आरसा केव्हाच फुटला होता आणि लढाईच्या दिवसांत दुसरा मिळत नव्हता. बाबालालला त्याची गरजही नव्हती. मान वळवून मागे बघणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तो म्हणायचा, "म्होरलं माजं, मागलं तुजं." त्याला मागची बातमी फक्त माझ्या शब्दातून कळायची आणि शब्दही माझ्याच तोंडचा लागायचा. एकदा पुसेगावच्या बाजारात एका पैलवानानं गंमत म्हणून माझ्या मागे उभं राहून 'राइट' अशी डरकाळी फोडली. गाडी तसूभरही हलली नाही. बाबालालनं तंबाखू मळता मळता विचारलं, "ह्यो कोन बेडूक रं, गणपा?"

प्रवाशांना वाटतं, राइट म्हणजे 'चला'. ते तसं नाही. राइट म्हणजे, मी बघितलंय. सगळे चढलेत, दाराच्या फटीत कुणाची बोटं नाहीत, चाकाखाली कुत्रं नाही, कुणाचं बोचकं खाली राहिलेलं नाही. आणि इतकं बघूनही जो खाली राहिला, त्याची जबाबदारी माझी. एवढं सगळं एका शब्दात कोंबायचं आणि तेही चालत्या इंजिनाच्या वर आवाज काढून. ही अक्कल मला आली ती एका जावयामुळे.

कोरेगाव सोडल्यावर वर्धनगडचा घाट लागतो. कोळशाची गाडी माणसांसकट तो घाट चढायची नाही. पायथ्याला मी 'होल्डॉन' म्हणायचो, लोक न सांगता उतरायचे आणि चालायला लागायचे. म्हातारीकोतारी तेवढी आत बसायची. गाडी रिकामी वर जायची आणि गडाच्या अंगाला थांबायची. मग लोक दोघं-तिघं करत घाम पुसत यायचे. बाबालाल पुढे बघतच विचारायचा, "समदी आली का रं?" मी डोकी मोजायचो आणि राइट म्हणायचो. एक दिवस डोकी मोजली तर बरोबर एकतीस. राइट म्हटलं. पुसेगावात उतरलो तर एक सासरेबुवा हार घेऊन उभे. जावयाची लोखंडी पेटी टपावरून उतरली, पण जावई काही उतरेना. घाटमाथ्यावर एक उपरा माणूस गुपचूप चढून बसला होता, त्यामुळे आकडा जुळला होता आणि जावईबापू लघवीला म्हणून झाडाआड गेले ते तिकडेच राहिले होते. सासरे कडाडले, "प्येटी आनलीस, जावय कुटं हाय? प्येटीसंगट नांदवू व्हय ल्येकीला?" दोन तासांनी जावई चालत आला. सासऱ्यांनी तो हार त्याला घातला आणि उरलेला राग मला. त्या दिवसापासून मी डोकी मोजायचं सोडलं आणि तोंडं बघायला लागलो.

आमच्या गाडीनं शनिवारी एक माने मास्तर यायचे. वडूजच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. माझा शब्द ऐकून त्यांना मोठी गंमत वाटायची. एकदा पिशवीतून जाडजूड डिक्शनरी काढून म्हणाले, "गणपतराव, तुमच्या शब्दाला हितं दीड रकाना दिलाय." आणि वाचायला लागले. उजवी बाजू. बरोबर. खरं. योग्य. सरळ, आडवळण नसलेलं. न्यायाचं. हक्क. लगेच, ताबडतोब. उलथलेलं पुन्हा उभं करणं. मी थक्कच झालो. एवढासा शब्द, पण बोहारणीच्या गाठोड्यासारखा, उलगडावा तेवढं निघतंच आहे. शेवटी विचारलं, "आन् मोटार सोडा, हे कुटं दिलंय?" मास्तरांनी रकान्यावरून वर-खाली बोट फिरवलं. "ते न्हाई दिसत."

"मंग पुस्तक अर्धं हाय," मी म्हटलं. गाडीभर हशा झाला. मास्तरही हसले, पण पेन्सिल काढून त्यांनी समासात काहीतरी लिहून घेतलं.

खरं म्हणजे त्या भागात हा शब्द डिक्शनरीच्या किती तरी पुढे गेला होता. पोरं पाटीवरच्या बरोबरच्या खुणेला राइट म्हणायची. सुट्टीवर आलेले शिपाई बायकोसमोरसुद्धा लेफ्ट-राइट चालायचे. कोरेगावचे स्टेशनमास्तर गाडी 'राइट टायम' आहे असं सांगायचे आणि त्या दिवशी गाडी हमखास तासभर उशिरा यायची. नढवळच्या बाजूचा एक शेतकरी औताला बैल जुंपून झाले की राइट म्हणायचा आणि बैल चालायचे. बुध गावच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, 'राइट!' भटजी रागावले, पण नवरा-नवरीचा चेहरा बघता म्हणणाऱ्याचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इतका वेळ मी जरा टंगळमंगळ केली, कारण तिच्यात माझी एक लबाडी आहे.

पुसेगाव आणि वडूज यांच्या मध्ये एका मोठ्या चिंचेखाली आमचा थांबा होता. तिथून आत अर्ध्या कोसावर धनगरांची वस्ती. सगळा बरड माळ, पाऊस आला तर बाजरी, नाहीतर मेंढरं. त्या वस्तीवर धोंडाई नावाची एक बाई होती. नवरा लवकर गेलेला, पदरात एकुलता एक बिरू आणि पाऊणशे मेंढरं. बिरू पलटणीत भरती झाला होता. पहिल्या सुट्टीवर येऊन परत निघाला, तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो.

त्या भागात शिपाई परत जायला निघाला की सगळी वस्ती थांब्यावर यायची. कुणी रडायचं नाही, अपशकुन होतो. नुसतं कपाळाला भंडारा लावायचा, हातात भाकरीचं गाठोडं द्यायचं आणि गप उभं राहायचं. आम्ही त्या दिवशी उशिरा पोहोचलो होतो. सकाळी वडूजला कोळसा ओला निघाला होता आणि दांडा फिरवून माझे हात भरून आले होते. बिरूला कोरेगावला आगगाडी गाठायची होती. ती चुकली असती तर बेळगावला हजेरी चुकली असती आणि पलटणीत उशिरा येणाऱ्याचं काय करतात ते त्या काळी पोराटोरांनाही माहीत होतं.

बिरू चढला, खिडकीपाशी बसला. मी दारातल्या पायरीवर उभा राहिलो, सगळी तोंडं बघितली आणि राइट म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात धोंडाई पुढे आली आणि तिनं आपला तळवा माझ्या तोंडावर दाबला.

खडबडीत तळवा, मेंढरांचा आणि हळदीचा वास येणारा.

"म्हनू नगंस," ती म्हणाली. "त्यो शबूद म्हनू नगंस, लेकरा."

गाडीतले लोक आधी हसले. मग तिचा चेहरा बघून गप झाले. बाईनं किती बारीक बघितलं होतं बघा. सरकार कुठं आहे तिला ठाऊक नव्हतं, लढाई कुणाची कुणाशी चाललीय ठाऊक नव्हतं. पण आपलं पोर ज्या गाडीत बसलंय ती गाडी या माणसाच्या एका शब्दानं हलते, एवढं तिनं येता-जाता हेरून ठेवलं होतं. आणि नेमकं तेवढंच तिच्या हाताच्या टप्प्यात होतं.

"आये, सोड की गं त्येस्नी," बिरू आतून म्हणाला. त्याला लाज वाटत होती.

ती काही सोडेना. बाबालाल पुढे बघत बसला होता. इंजिन एकदा खोकलं. गॅस उतरायला लागला होता. आणखी दोन मिनिटं गेली असती तर गाडी बंद पडली असती आणि पुन्हा दांडा फिरवेपर्यंत आगगाडी निघून गेली असती. मी मान हलवली. तोंड दाबलेलं असतानाच डोळ्यांनी तिला सांगितलं, नाही म्हणत. तिनं हात जरा सैल केला.

"न्हाई म्हनत, मावशे," मी म्हटलं. "हात काड."

तिनं विश्वासानं हात काढला. मी एक पाऊल मागे, आत सरकलो, दार ओढलं आणि म्हटलं, "राइट!"

गाडी निघाली. मी मागे वळून बघितलं. कंडक्टरला बघावंच लागतं. तिचा हात अजून तसाच वर होता.

कोरेगावला आगगाडी मिळाली. बिरू पेटी घेऊन उतरला आणि म्हणाला, "बरं केलंसा, दादा. न्हाईतर तिनं सोडलंच नसतं." मग जरा हसून म्हणाला, "तिला सांगा, परत यीन ते तुमच्याच गाडीनं यीन."

दुसऱ्या दिवशी वडूजकडे जाताना चिंचेखाली धोंडाई उभी होती. मी निरोप सांगितला. ती शिव्या देईल अशी माझी तयारी होती. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू न्हेलास. आता तूच आन."

तेव्हापासून तिनं एक रीतच धरली. एक दिवसाआड आमची गाडी साताऱ्याकडून आली की ती चिंचेखाली हजर. गाडी थांबली की ती पुढच्या खिडकीपासून मागच्या खिडकीपर्यंत सगळी तोंडं बघायची. मी बघायचो तशीच. बघून झालं की बाजूला व्हायची आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मग मला तो शब्द म्हणावा लागायचा. रोज पन्नास वेळा ओठांवर असलेला शब्द, पण त्या थांब्यावर घशातून वर येईना. बाबालाल एकदा म्हणाला, "गणपा, ह्या चिच्चंखाली तुजा आवाज का बसतो रं?" त्याला सगळं माहीत होतं. तरी विचारायचं म्हणून विचारलं.

एकदा तिनंच मला विचारलं, "त्या शबदाचा अरत काय रं?"

माने मास्तरांचा दीड रकाना माझ्या डोळ्यांपुढून गेला. पण सांगितलं ते आमच्या धंद्यातलं. "समदं ठीक हाय, मावशे. आसा अरत."

"ठीक हाय?" तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. "काय ठीक हाय ते सांग की मला. त्या दिशी काय ठीक हुतं?"

मी गाडीत चढलो आणि तो शब्द इतका हळू म्हटला की बाबालालला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

पहिलं वर्षभर बिरूची पत्रं यायची. शनिवारी थांब्यावर माने मास्तर खिडकीतूनच ती वाचून दाखवायचे. 'मी खुशाल आहे, मेंढरं कशी आहेत' एवढंच असायचं. मग ब्रह्मदेशाच्या बाजूला पलटण गेली अशी बातमी आली आणि पत्रं थांबली. एक महिना, दोन महिने, सहा महिने. धोंडाई मात्र एक दिवसाआड यायचीच. मास्तर गाडीत असले की 'पत्र नाही' म्हणून खिडकीतून मान हलवायचे. ती तोंडं बघायची, बाजूला व्हायची आणि माझ्याकडे बघायची.

आता लिहायला लाज वाटते, पण मी पळालो. मालकांना सांगून फलटणच्या गाडीवर बदली मागून घेतली. म्हटलं, तिकडे उसाचा हिरवा मुलूख आहे, लोकांच्या खिशात चार पैसे आहेत, जरा बरं वाटेल. महिनाभर तिकडे होतो. बरं काही वाटलं नाही. एक दिवस साताऱ्याच्या स्टँडवर बाबालाल भेटला. म्हणाला, "नवा कंडाक्टर हाय, आवाज बी चांगला हाय. पर ती म्हातारी काल म्हनली, ह्यो नगं. ज्यानं न्हेलाय त्यो कुटं हाय? म्या काय सांगू तिला?"

मी त्याच संध्याकाळी मालकांकडे गेलो आणि परत वडूजची गाडी घेतली. चिंचेखाली धोंडाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलास व्हय." त्या दोन शब्दांनी मला जेवढं बरं वाटलं तेवढं मालकांच्या शाबासकीनं कधी वाटलं नाही. अर्थात मालकांनी ती कधी दिलीही नव्हती.

लढाई संपली. कोरेगावच्या स्टेशनावर खाकी कपड्यांतली माणसं उतरायला लागली. कुणी काठी टेकत, कुणी नवे बूट वाजवत. आमची गाडी स्टेशनाबाहेर थांबायची आणि मी फलाटाच्या दारात उभा राहून प्रत्येकाचं तोंड बघायचो. असे पुष्कळ दिवस गेले. आणि मग एके दिवशी दुपारी बिरू उतरला.

मी ओळखलं. वाळून काठीसारखा झाला होता, पण नाक आईचं. "बिरू!" मी हाक मारली. तो तसाच चालत पुढे निघाला. धावत जाऊन दंड धरला तेव्हा दचकून वळला. डाव्या कानानं त्याला काही ऐकू येत नव्हतं. जवळच काहीतरी फुटलं होतं म्हणे. बाकी हातपाय धड होते. माझ्या अंगावरची पट्ट्याची पिशवी बघून त्याला ओळख पटली आणि तो हसला. "आलो बगा. तुमच्याच गाडीनं."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली. पण मी त्याची पेटी तेवढी हातात घेतली. मागच्या आठ दिवसांत धोंडाई चिंचेखाली आली नव्हती. चार फेऱ्या झाल्या, चिंचेखाली कुणी नाही. इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. मी वस्तीवर कुणाला विचारलंही नव्हतं. विचारायचं धाडस झालं नव्हतं, असंच म्हणा ना.

घाटाच्या पायथ्याशी सगळे उतरले. मी बिरूला म्हटलं, तू बस आत, दमलाईस. तो म्हणाला, "लढाईत एवडं चाललो, ह्यो घाट काय जड हाय?" मी त्याच्या उजव्या कानाच्या बाजूनं चालत राहिलो. अर्ध्या घाटात त्यानं विचारलं, "आई बरी हाय न्हवं?" मी म्हटलं, "परवाच्या फेरीला भेटली न्हाई. मेंढरांमागं असंल." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. वर पोहोचलो. बाबालालनं पुढे बघतच विचारलं, "समदी आली का रं?" मी राइट म्हटलं.

चिंच आली. खाली कुणी नव्हतं.

बिरू पेटी घेऊन उतरला, इकडेतिकडे बघितलं आणि वस्तीच्या वाटेला लागला. गाडीतले लोक माझ्याकडे बघत होते. माझं काम संपलं होतं, एक शब्द म्हणायचा आणि निघायचं. पण मी काही म्हणेना. खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. 'तूच आन' असं तिनं सांगितलं होतं. चिंचेखाली पेटी उतरवली म्हणजे माणूस आणला, असं होत नाही. हे मला एका जावयानं शिकवलं होतं.

"अवो कंडाक्टर, निगायचं का न्हाई?" आतून कुणीतरी ओरडलं. "येळ किती झाला!" इंजिन खोकायला लागलं. बाबालालनं मात्र ते कसंबसं धुगधुगतं ठेवून तंबाखूची डबी काढली.

आणि मग माळाच्या दुसऱ्या अंगानं, वस्तीच्या नाही, बाभळीच्या बाजूनं, धोंडाई येताना दिसली. गाडीचा धूर बघून निघाली असावी. काखेत एक ओलं कोकरू होतं. मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि आठ दिवस तिला माळ सोडता आला नव्हता, हे मला नंतर कळलं. तिला गाडी दिसली, मी दिसलो. मग वाटेनं पाठमोरा चाललेला बिरू दिसला आणि ती जागीच थांबली.

"बिरू!" मी जीव खाऊन ओरडलो. त्याला कुठलं ऐकू जातंय? मग अख्खी गाडी ओरडली. बायका, बाप्ये, बाजारकरी, सगळे एका आवाजात. तेव्हा तो वळला.

पुढचं मी फारसं बघितलं नाही, कारण डोळ्यांत पाणी होतं. एवढं आठवतं की तिनं आधी कोकरू आणून माझ्या हातात दिलं, जणू मी त्यासाठीच तिथं उभा होतो. मग त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, डोळे, कान. डाव्या कानावर तिचा हात जरा थांबला. मग तिनं पोराला पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडली. आता अपशकुनाची भीती नव्हती.

रडून झाल्यावर ती माझ्याकडे आली. हात वर केला. मला वाटलं, पुन्हा तोंडावर दाबणार. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"आता ठीक हाय," ती म्हणाली.

मग गाडीकडे वळली, छाती भरून घेतली आणि माळावर मेंढरांना घालायची ती हाक असते ना, त्या आवाजात ओरडली, "राइऽऽट!"

ज्या बाबालालनं पैलवानाच्या डरकाळीला भीक घातली नव्हती, ज्यानं कंडक्टरशिवाय कुणाच्या शब्दावर चाक हलवलं नव्हतं, त्यानं गाडी सोडली.

मी खाली, हातात कोकरू. ते बिरूच्या हातात कोंबलं आणि धूम ठोकली. गाडीतले लोक मागच्या खिडक्यांतून हसत होते, हात करत होते. मला 'होल्डॉन' ओरडता आलं असतं. तोही माझाच शब्द, घशात तयारच होता. मी ओरडलो नाही. मानाची हाक झाली होती, ती माझ्यानं मोडवली नसती. पिशवी सावरत ओढ्याच्या चढापर्यंत धावलो. तिथं गाडीचा वेग नेहमीसारखा मेला आणि मी मागची शिडी धरून टाकीशेजारी चढलो, तिथून धापा टाकत दारात आलो.

बाबालालनं मान वळवली नाही. रस्त्याकडे बघतच त्यानं विचारलं, "समदी आली का रं, गणपा?"

"आली," मी म्हटलं. "समदी आली."